करदात्यांच्या गटाने निवडणुकीत भूमिका घ्यावी का? आणि घ्यायची तर कशी?

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या. काही ठिकाणी २०२० पासून, पुष्कळ ठिकाणी २०२२ पासून प्रशासकाच्या हाती असलेल्या सभागृहांत पुन्हा नगरसेवक बसले. महापालिकेच्या हिशेबावर लक्ष ठेवणाऱ्या नागरी गटांकडून आलेल्या पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: कराचा पैसा कुठे जातो हे पाच वर्षे विचारणाऱ्यांनी मतदानाच्या वेळी गप्प बसायचे की बोलायचे? सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहोत.

आमचा गट मालमत्ता कर, निविदा आणि लेखापरीक्षण एवढेच पाहतो. या निवडणुकीत निम्म्या सभासदांनी एका उमेदवाराला जाहीर पाठिंबा देण्याचा आग्रह धरला. उरलेले म्हणाले, एकदा पाठिंबा दिला की गट संपला. कोणाचे बरोबर? (नाशिक)

भूमिका घेण्याच्या तीन पायऱ्या आहेत आणि बहुतेक भांडणे त्या एकत्र केल्याने होतात. पहिली पायरी प्रश्नावरची भूमिका: निविदा न काढता काम देण्याला आमचा विरोध आहे, करमाफीचा भार कोणावर पडणार ते सांगितल्याशिवाय करमाफी नको, वगैरे. दुसरी नोंदीवरची: मावळत्या सभागृहातल्या कोणत्या सदस्याने कोणत्या ठरावावर काय केले, ते जसेच्या तसे लोकांपुढे ठेवणे. तिसरी उमेदवारावरची: याला मत द्या किंवा देऊ नका.

पहिल्या दोन पायऱ्या प्रत्येक गटाने चढाव्यात असे आमचे स्पष्ट मत आहे. पाच वर्षे जमवलेली माहिती ऐन मतदानाच्या वेळी कपाटात ठेवली, तर ती जमवली कशासाठी? तिसरी पायरी मात्र एकाच अटीवर चढावी. कोणत्या कसोट्यांवर उमेदवार पारखणार, हे उमेदवारी अर्ज भरण्याच्या आधी ठरलेले, सभेच्या ठरावात तारखेसह लिहिलेले आणि जाहीर केलेले असले पाहिजे.

नावे कळल्यावर मोजपट्टी वाकते, म्हणून ही अट. आधी 'सभेतली उपस्थिती ७५ टक्के' असा निकष असतो. मग लक्षात येते की आपल्याला बरा वाटणारा सदस्य ६० टक्क्यांवर आहे, आणि कोणीतरी म्हणते, 'उपस्थितीला काय एवढे महत्त्व!' हे मुद्दाम होतेच असे नाही, पण बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. कसोटी आधी छापलेली असेल तर ती बदलता येत नाही, आणि आवडत्या उमेदवाराबद्दलही 'या कसोटीवर उतरला नाही' असे लिहावे लागते. गटावर विश्वास बसतो तो त्या ओळीमुळे.

वेळेचाही विचार करा. या निवडणुकीत चिन्हवाटप ३ जानेवारीला आणि मतदान १५ जानेवारीला होते, म्हणजे अंतिम यादीनंतर हातात बारा दिवस. तेवढ्यात कसोट्याही ठरवायच्या, नोंदीही काढायच्या आणि छापायचेही, हे होत नाही. कसोट्या सहा महिने आधी, नोंदी दर तिमाहीला, आणि शेवटच्या बारा दिवसांत फक्त जुळवाजुळव, असा क्रम ठेवा.

नगरसेवकाच्या कामाची नोंद काढायची तर उपस्थितीशिवाय काहीच हाती लागत नाही. इतिवृत्तात सगळे ठराव 'एकमताने मान्य'. मग कोणाचे मत कुठे पडले ते कसे कळणार? (पुणे)

हा सगळ्यांत कळीचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांब देतो.

महापालिकेत मोजून मतदान क्वचित होते. विषय पुकारला जातो, 'मान्य' असा आवाज येतो, पुढचा विषय. त्यामुळे 'बाजूने किती, विरोधात किती' हे शोधायला गेलात तर हात रिकामे राहतील. त्याऐवजी चार ठिकाणी पाहा.

पहिले ठिकाण सूचक आणि अनुमोदक, म्हणजे ठराव मांडणारा आणि त्याला दुजोरा देणारा. प्रत्येक ठरावाखाली ही दोन नावे असतातच. वर्षभराच्या ठरावांची यादी करून कोणाचे नाव कोणत्या प्रकारच्या ठरावाला सूचक म्हणून येते ते मोजा. नामकरणाच्या ठरावांना वीस वेळा सूचक झालेला आणि आर्थिक विषयावर एकदाही न दिसलेला सदस्य इथे सहज सापडतो.

दुसरे ठिकाण उपसूचना, म्हणजे मूळ प्रस्तावात सुचवलेला बदल. मूळ प्रस्ताव निरुपद्रवी असतो, 'उपसूचनेसह मान्य' या दोन शब्दांत खरा बदल होतो. एका रस्त्याच्या कामाच्या प्रस्तावाला चार वेगळ्या रस्त्यांची उपसूचना जोडली जाते, सभेत ती वाचलीही जात नाही. ती लेखी द्यावी लागते आणि तिच्यावर सह्या असतात. त्या कागदाची प्रत मागा. मूळ प्रस्तावाचा विषय आणि उपसूचनेचा विषय शेजारी शेजारी दोन रकान्यांत लिहिले की वाचकाला वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

तिसरे, आयत्या वेळचे विषय. विषयपत्रिकेत नसलेला विषय सभेच्या दिवशी पुढे येतो. तातडीची गोष्ट असेल तर ठीक. पण खर्चाचा विषय असा आला की तो किती रकमेचा होता, आधी का आला नाही आणि कोणी आणला, ही नोंद स्वतंत्र वहीत ठेवा. मागील सभेचे इतिवृत्त कायम करतानाही मजकुरात भर पडू शकते. म्हणून जमेल तिथे सभेला प्रेक्षक सज्जात एक सभासद बसवा. त्याने विषय क्रमांक आणि 'मान्य, अमान्य, तहकूब' एवढेच टिपायचे, आणि पुढच्या महिन्यात कायम झालेल्या इतिवृत्ताशी ताडून पाहायचे.

चौथे ठिकाण स्थायी समिती. मुंबई सोडून इतर महापालिकांत ही १६ सदस्यांची असते आणि आयुक्तांच्या अधिकारमर्यादेपलीकडचे करार तिच्यापुढे येतात. पैशांचे खरे निर्णय सर्वसाधारण सभेपेक्षा इथेच होतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या अनुसूची 'ड'मध्ये, प्रकरण ५ च्या नियम २(२) नुसार, आयुक्तांच्या शिफारशीवरून आणि कारणे नोंदवून स्थायी समिती निविदा न मागवता काम देऊ शकते. पालिकेच्या बोलीत यालाच 'पाच-दोन-दोन' म्हणतात. अशा प्रत्येक ठरावातले कारण शब्दशः उतरवून घ्या. 'काम तातडीचे असल्याने' एवढेच लिहिलेले असेल, तर तातडी कशामुळे आली ते मूळ टिपणीत पाहा. दरवर्षी जूनमध्ये येणारा पावसाळा ही आपत्ती म्हणून नोंदलेली सापडली, तर ती ओळ तुमच्या अहवालात पहिल्या पानावर जावी.

एक सावधगिरी बाळगा. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या सदस्याला पक्षादेश मोडता येत नाही. १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याने त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. म्हणून 'विरोधात मत दिले नाही' एवढ्यावरून माणूस जोखू नका. सभेत प्रश्न विचारला का, लेखी हरकत नोंदवली का, लेखापरीक्षणाच्या आक्षेपांवर माहिती मागितली का, हे पक्षादेश असतानाही करता येते. खरी पारख तिथे होते.

आणि प्रशासकाच्या काळातले ठराव कोणत्याही माजी नगरसेवकाच्या नावावर मांडू नका. त्या वर्षांत सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती या दोघांचेही अधिकार प्रशासकच वापरत होते. काही अहवालांत २०१७ ते २०२६ असा सरसकट कालखंड धरून टक्केवारी काढलेली दिसते, ती चुकीची आहे.

माहिती अधिकारात अर्ज केला की 'माहिती विस्तृत आहे' म्हणून परत येतो. नमुना द्याल का? (सांगली)

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. अर्ज मार खातात ते दोन कारणांनी: कालावधी मोठा असतो आणि अर्जात 'का' असते. 'हे काम विनानिविदा का दिले?' हा प्रश्न झाला. कार्यालयात कागदावर असलेली माहिती नव्हे. त्याऐवजी 'हे काम विनानिविदा देण्याबाबतच्या मूळ टिपणीची प्रत द्यावी' असे लिहा. नमुना असा:

'विषय: सर्वसाधारण सभेतील ठराव. कालावधी: १ एप्रिल २०२६ ते ३० जून २०२६. आवश्यक माहिती: (१) या कालावधीतील सर्व सर्वसाधारण सभांच्या विषयपत्रिका व कायम झालेली इतिवृत्ते यांच्या प्रती. (२) मान्य झालेल्या सर्व उपसूचनांच्या, सूचक व अनुमोदक यांच्या सह्यांसह, प्रती. (३) ज्या ठरावांवर मतदान झाले त्यांच्या मतनोंदीच्या प्रती. प्रतींपूर्वी अभिलेखांचे अवलोकन करू द्यावे.'

अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा. त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. त्या निर्णयानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. मुदत उलटून माहिती दिली तर ती विनामूल्य द्यावी लागते, हे कलम ७(६) दाखवून सांगा. एरवी प्रतीला पानामागे २ रुपये पडतात, म्हणून आधी अवलोकन मागायचे आणि लागतील तेवढ्याच पानांवर खुणा करायच्या.

आचारसंहिता लागली की काही कार्यालयांत 'आता माहिती देता येत नाही' असे ऐकवले जाते. आचारसंहितेने माहितीचा अधिकार थांबत नाही. असे लेखी मागा. लेखी सहसा कोणी देत नाही, माहिती मिळते.

प्रचारात सगळेच 'करवाढ करणार नाही' म्हणतात. काहींनी करमाफीचे वचन दिले. यांतले खरे किती, हे गटाने मतदारांना कसे सांगावे? (पिंपरी-चिंचवड)

आधी 'करवाढ नाही' या शब्दांतली फट पाहू. जिथे भाडेमूल्यावर कर बसतो तिथे बिल दोन आकड्यांवर ठरते: करयोग्य मूल्य आणि कराचा दर. समजा ६०० चौरस फुटांचे घर आहे आणि पालिकेने महिन्याला चौरस फुटामागे २ रुपये भाडे धरले आहे. वार्षिक भाडे १४,४०० रुपये. दुरुस्तीपोटी १० टक्के वजावट मिळून करयोग्य मूल्य १२,९६० रुपये. सर्व करांच्या दरांची बेरीज ४० टक्के धरली तर बिल ५,१८४ रुपये. आता दराला हात न लावता भाड्याचा आकडा २ वरून ३ रुपये केला, तर करयोग्य मूल्य १९,४४० आणि बिल ७,७७६ रुपये होते. कराचा दर तोच, बिल दीडपट. उमेदवार म्हणतो ते अक्षरशः खरे आणि मतदाराला कळले ते खोटे. म्हणून प्रश्न असा विचारा: 'कराचे दर, भाडेमूल्याचे दर आणि उपभोक्ता शुल्क, या तिन्हींबद्दल आपली भूमिका सांगा.' कचरा उचलण्याचे उपभोक्ता शुल्क कराच्या व्याख्येत बसत नाही, पण पैसे जातात त्याच खिशातून.

करांचे दर ठरवण्याची कायदेशीर वेळ दरवर्षी २० फेब्रुवारीच्या आत असते. त्या सभेत कोण बोलले, कोणी उपसूचना दिली, हीच या वचनाची खरी परीक्षा. पाच वर्षांत पाच वेळा ती होते.

आता करमाफी. मोठ्या करसवलती कुठे ठरल्या ते आठवा. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांची करमाफी १ जानेवारी २०२२ पासून आली ती राज्याने कायदा बदलला म्हणून. पुण्यातली स्वतः राहत असलेल्या घरांची ४० टक्के सवलत २०२३ मध्ये पुन्हा मिळाली ती राज्य सरकारच्या निर्णयाने. तुमच्या शहरातला अवैध बांधकामांवरचा शास्तीकर (दंडाचा कर) २०२३ मध्ये माफ झाला, तोही राज्य पातळीवरच. नगरसेवक ठराव करू शकतो, शिफारस करू शकतो. माफी देणे त्याच्या हातात नाही. शिवाय राज्याला महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली महापालिकेचा ठराव विखंडित, म्हणजे रद्द, करता येतो. म्हणून अशा वचनापुढे गटाने एवढेच छापावे: 'हा निर्णय महापालिकेच्या अधिकारात नाही.' त्याखाली कलम द्या, विशेषण लावू नका.

दुसरा प्रश्न लगेच विचारावा: माफीने घटणारे उत्पन्न कुठून भरून काढणार? जकात गेली, स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला, २०१७ मध्ये जीएसटी आला. त्यानंतर पालिकेला राज्याकडून भरपाईचे अनुदान मिळते. स्वतःच्या हातातले मोठे उत्पन्न उरले ते मालमत्ता कर आणि बांधकाम परवानगीचे शुल्क. यांतला एक पाय कापायचा, तर दुसऱ्यावर किती भार येईल हे उमेदवाराने सांगायलाच हवे.

थकबाकीवरचा दंड माफ करणाऱ्या अभय योजनेबद्दल आमचे मत कडक आहे. मालमत्ता कराच्या थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. दर दोन-तीन वर्षांनी ती ७५ किंवा ९० टक्के माफ होत राहिली, तर वेळेवर भरणारा शहाणा की थांबणारा? योजना आली की बड्या थकबाकीदारांपैकी किती जणांनी लाभ घेतला, किती रक्कम आली आणि किती सोडली, हे तीन आकडे मागा. थकबाकीची एकूण रक्कम पाहतानाही जपा. तिच्यात न्यायालयीन वादातल्या रकमा, मोबाइल टॉवरची आकारणी आणि दुबार नोंदी मिसळलेल्या असतात. 'इतके कोटी थकले, वसूल करा' असे पत्रक काढले आणि त्यातली बरीच रक्कम दुबार नोंदींची निघाली, तर पुढचे खरे पत्रकही कोणी वाचत नाही.

आमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे. उमेदवारांबद्दल पत्रक काढले तर अडचण येईल का? (ठाणे)

येऊ शकते. कशाने येते ते समजून घ्या.

राजकीय उद्देश हा धर्मादाय उद्देश मानला जात नाही. विश्वस्त संस्थेच्या पैशातून एखाद्याचा प्रचार केला, तर नोंदणी आणि आयकराची सवलत या दोन्हींवर प्रश्न येतो. मतदार जागृती, सर्व उमेदवारांची सारख्या रकान्यांत तुलना, प्रश्नावलीची उत्तरे छापणे, हे लोकशिक्षणात बसते. 'यांनाच निवडून द्या' हे त्यात बसत नाही. ज्यांना तिसरी पायरी चढायचीच आहे, त्यांनी वेगळा, स्वतःची वर्गणी आणि स्वतःचे खाते असलेला गट करावा. संस्थेचे कार्यालय, लेटरहेड, सभासदांची यादी आणि पगारी माणूस यांतले काहीही त्या गटाला वापरू देऊ नये. पाठिंबा देणाऱ्या पत्रकाचा छपाईखर्च संस्थेच्या किरकोळ खर्चात दाखवण्याची चूक लेखापरीक्षणात हमखास सापडते.

पैशांचा दुसरा नियम फौजदारी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ प्रमाणे, उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या विजयासाठी सभा, जाहिरात किंवा पत्रक यांवर खर्च करणे हा गुन्हा आहे. दंड १० हजार रुपयांपर्यंत. परवानगी घेतली तर तो खर्च उमेदवाराच्या खर्चात धरला जातो आणि निकालानंतर ३० दिवसांत द्यायच्या हिशेबात त्याला तो दाखवावा लागतो. म्हणजे तुमच्या पाठिंब्याच्या पत्रकाने तुमचाच उमेदवार अडचणीत येऊ शकतो. सर्वांची तुलना करणाऱ्या पत्रकाला हा धोका नाही, अट एवढीच की एका नावाचा ठसा मोठा, एकाचा फोटो रंगीत असे काही करू नका.

कलम १७५ खाली उमेदवाराच्या व्यक्तिगत चारित्र्याबद्दल खोटे विधान निकालावर परिणाम व्हावा म्हणून करणे दंडनीय आहे, बदनामीचा दावा वेगळाच. म्हणून पत्रकातल्या प्रत्येक वाक्यापुढे कागद असावा: ठराव क्रमांक, तारीख, पान. 'टक्केवारी घेतो' असे लिहू नका. 'अमुक तारखेच्या ठरावात विनानिविदा दिलेल्या कामाचा सूचक' असे लिहा. पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापा आणि चार प्रती फाइलला ठेवा. जाहीर प्रचाराची मुदत संपल्यावर वाटप बंद.

प्रश्नावली पाठवली, ३१ उमेदवारांपैकी सहा जणांनी उत्तर दिले. मग काय छापायचे? (कोल्हापूर)

सगळ्यांची नावे मतपत्रिकेच्या क्रमाने छापा. सहा जणांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत, बाकीच्यांपुढे 'उत्तर आले नाही'. 'उत्तर देण्याचे टाळले' नको. कागद पोहोचला की नाही हे तुम्हाला पोचपावतीवरूनच कळते, मनातले कळत नाही.

उत्तरे कमी येण्याचे कारण बहुधा प्रश्नांतच असते. 'भ्रष्टाचार निर्मूलनासाठी आपण काय कराल?' याला उत्तर द्यायला कोणाला वेळ नाही, आणि आले तरी त्याचा उपयोग नाही. पाचच प्रश्न ठेवा, हो-नाही असे, आणि पुढे तपासता येतील असे. उदाहरणार्थ: विषयपत्रिकेत नसलेल्या खर्चाच्या विषयाला सभेत लेखी हरकत घ्याल का? मुख्य लेखापरीक्षकांच्या अहवालातल्या वसूलपात्र रकमांचा आढावा वर्षातून दोनदा सभेपुढे मागाल का? आपल्या प्रभागातल्या प्रत्येक कामाची रक्कम, ठेकेदार आणि मुदत दर तिमाहीला जाहीर कराल का? प्रश्न सर्वांना एकाच दिवशी, हातपोच, उत्तरासाठी पाच दिवस. उमेदवाराची सही हवीच. कार्यकर्त्याने भरून दिलेले चालणार नाही. सही केलेले ते कागद नंतरच्या पाच वर्षांत सगळ्यांत जास्त उपयोगी पडतात.

चार सदस्यांच्या प्रभागात भूमिका कशी मांडायची? (छत्रपती संभाजीनगर)

जागेनुसार. अ, ब, क, ड यांचे चार वेगळे तक्ते करा, कारण मतदाराला प्रत्येक जागेसाठी वेगळे मत द्यायचे असते. एका पक्षाचे चौघे म्हणजे एक 'पॅनेल' असे धरून मत मांडले, तर एकाच्या चांगल्या नोंदीवर तिघे तरून जातात. चार नगरसेवकांच्या प्रभागात काम कोणाचे हा घोळही असतोच. उद्घाटनाच्या फलकावर चौघांची नावे असतात. त्यामुळे कामाचे श्रेय फलकावरून नव्हे तर प्रस्तावावरच्या सहीवरून द्या.

एखाद्या जागेवर कोणीच कसोटीला उतरत नसेल तर तसे सांगा, नोटा आहेच. राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे नोटाला सर्वाधिक मते पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यावी लागते.

आमच्याच गटाचा सचिव उभा राहिला. आता? (नागपूर)

अर्ज भरण्याच्या आधी त्याने राजीनामा द्यावा, आणि तो गटाने जाहीर करावा. रजा किंवा 'तात्पुरते बाजूला' हे पुरेसे नाही. त्या प्रभागाबद्दल गटाने कोणतीही तुलना छापू नये, फक्त शपथपत्रांतली माहिती द्यावी. हे त्याला अन्यायाचे वाटेल, पण दुसरा मार्ग नाही.

नागरिकांनी आपल्यातलाच माणूस उभा करून निवडून आणल्याचे उदाहरण आहे: २००७ मध्ये मुंबईत जुहूच्या प्रभागातून अडॉल्फ डिसूझा नागरिकांचे उमेदवार म्हणून महापालिकेत गेले. तो मार्ग पूर्णपणे योग्य आहे, पण ते वेगळे काम आहे. उमेदवार देणारी संघटना आणि सगळ्यांचा हिशेब तपासणारा गट एकाच नावाने चालवता येत नाहीत. कोणते करायचे ते आधी ठरवा.

आमच्याकडे नगरपरिषद आहे. हे सगळे लागू होते का? (सातारा जिल्हा)

पद्धत तीच, कायदा वेगळा. तुमचा कायदा १९६५ चा नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम. वर दिलेली महापालिकेची कलमे तिथे चालणार नाहीत. नगराध्यक्ष थेट निवडून येतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळा तक्ता आणि वेगळे प्रश्न ठेवा. छोट्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, त्यामुळे कागदावर न आलेली ऐकीव माहिती पत्रकात शिरण्याचा धोका तिथे जास्त.

निवडणूक तर झाली. आता लगेच काय करावे? (सोलापूर)

निवडून आलेल्यांच्या शपथपत्रांच्या प्रती आताच उतरवून, प्रभागवार फाइल करून ठेवा. पाच वर्षांनी मालमत्तेच्या रकान्याशी ताडायला त्या लागतील. मग अंदाजपत्रक घ्या: आयुक्तांचा मसुदा, स्थायी समितीची वाढ, सर्वसाधारण सभेची वाढ, हे तीन आकडे एका ओळीत आणि चौथा रकाना रिकामा. त्यात वर्षअखेरीची प्रत्यक्ष जमा भरायची आहे. सभागृहाने वाढवलेली रक्कम जमा झालीच नाही, तर कामांचे आदेश निघालेले असतात आणि बिले पुढच्या वर्षावर जातात. ते दायित्व किती, हा आकडा लेखा विभागाकडे मागा. अंदाजपत्रकाच्या भाषणात तो सहसा नसतो.

प्रभागातले एक काम निवडा, एकच, साधे: पन्नास मीटरचे गटार किंवा पदपथ. त्याचे पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज), कार्यादेश आणि मोजमाप पुस्तकाची पाने मागवा. मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी, जाडी, मोजल्याची तारीख आणि कनिष्ठ अभियंत्याची सही असते. टेप घेऊन दोघांनी जागेवर जा, तीन ठिकाणी मोजा, फोटोत टेप दिसू द्या. जाडी मोजायला कडेला उघडी बाजू मिळते ती काम नवे असतानाच, म्हणून पहिल्या महिन्यात जा.